वर्डप्रेस, वावर आणि एक सुटलेला काना

पाचपैकी साडेतीन तारे. कापलेल्या दीड ताऱ्यातला अर्धा एका कान्यापायी गेला, ती हकीकत खाली येईलच.

आधी कोण लिहितंय ते सांगते, कारण वर्डप्रेसबद्दल, म्हणजे ब्लॉग आणि वेबसाइट चालवायच्या साधनाबद्दल, मराठीत जे सापडतं ते बहुतेक 'घरबसल्या कमवा'वाल्यांचं असतं. मी धरणगावला एका जिनिंगमध्ये हिशेब बघते. शिक्षण बी.कॉम., वर एमएस-सीआयटी आणि टॅली. दसऱ्यापासून होळीपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. कापसाच्या गाड्या, काटापट्ट्या, गठाणी. उन्हाळ्यात रेचे (कापसातून सरकी काढायची यंत्रं) थंडावले की जरा मोकळीक मिळते. त्याच मोकळ्या दिवसांत सहा वर्षांपूर्वी ब्लॉग सुरू केला. विषय दोनच, आमच्या घरातली अहिराणी बोली आणि आमच्या घरातलं खाणं. दोन्हींचा साठा एकाच ठिकाणी आहे, आमच्या सासूबाई. त्यांना घरात सगळे जिजी म्हणतात. वय ८१, चष्मा नको, मोबाइलही नको.

सुरुवातीचं वर्षभर एका फुकटच्या सेवेवर लिहिलं. मग भाच्याने वर्डप्रेस बसवून दिलं आणि तो पुण्याला नोकरीला निघून गेला. त्यानंतर जे झालं त्याला जबाबदार मी.

एक गोंधळ आधीच मिटवते. वर्डप्रेस या नावाने दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे तयार सेवा, खातं उघडा आणि लिहायला लागा. दुसरं म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर, ते फुकट उतरवून घ्यायचं आणि स्वतः भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर (याला होस्टिंग म्हणतात) बसवायचं. मी लिहितेय ते दुसऱ्याबद्दल. २७ मे २००३ला त्याची पहिली आवृत्ती आली. 'बी-टू' नावाचं एक जुनं ब्लॉगचं सॉफ्टवेअर बेवारस पडलं होतं. मॅट मलनवेग या १९ वर्षांच्या अमेरिकन पोराने आणि माइक लिटल या इंग्लंडमधल्या माणसाने ते उचलून पुढे चालवलं. परवाना जीपीएल, म्हणजे घ्या, उघडा, बदला, वाटा. हे असं असल्यामुळेच माझ्यासारखीने त्यात हात घातला. नाहीतर कोणी घालू दिला असता?

आता मुख्य गोष्ट, प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचा जादा कामाचा तुकडा.

मला वाटायचं प्लगिन लिहायला इंजिनिअर लागतो. प्रत्यक्षात ती एक पीएचपीची (वर्डप्रेस ज्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलंय तिची) फाइल असते. डोक्यावर टिप्पणीत प्लगिनचं नाव लिहायचं, प्लगिनच्या फोल्डरमध्ये टाकायची, की यादीत दिसायला लागते. नावाची ती एक ओळ सोडली तर बाकीचं काही सक्तीचं नाही. खरी मजा पुढे आहे. वर्डप्रेसमध्ये लेख डेटाबेसमधून निघून वाचणाऱ्याच्या पडद्यावर जाईपर्यंत वाटेत ठिकठिकाणी थांबतो. या थांब्यांना हुक म्हणतात. आमच्या जिनिंगमध्ये कापूस पट्ट्यावरून जाताना एक बाई पानकचरा वेचते, पुढची कवडी, म्हणजे खराब कापूस, काढते, मग रेच्यावर सरकी सुटी होते, मग प्रेसमध्ये १७० किलोची गठाण बांधली जाते. पट्टा कोणी थांबवत नाही, ज्याने-त्याने आपल्या जागेवर उभं राहून हात चालवायचा. 'द कंटेंट' नावाच्या फिल्टरवर, म्हणजे लेखाच्या मजकुराच्या थांब्यावर, माझं फंक्शन (कोडचा तुकडा) लावलं म्हणजे मी त्या पट्ट्याशेजारी उभी राहिले. कोणाच्या आधी, कोणाच्या नंतर, तेही आकड्याने ठरतं. काही सांगितलं नाही तर सगळे १० नंबरवर.

हे समजलं त्या रात्री मी जेवायला दीड तास उशीर केला. जिजी दारात येऊन म्हणाल्या, "काय करी ऱ्हायनी व तू?" मी म्हटलं, तुमचेच शब्द लावतेय.

तेच करत होते. ब्लॉगमध्ये अहिराणी शब्द येतात. वावर म्हणजे शेत, आंडोर म्हणजे मुलगा, बठ्ठा म्हणजे सगळा, तठे म्हणजे तिथे. पुण्या-कोल्हापूरकडच्या वाचकाला ते अडतात. म्हणून लेखात असा शब्द आला की तो ठळक व्हावा आणि त्यावर गेलं की अर्थ दिसावा, एवढंच करायचं होतं. इंग्रजीसाठी असली प्लगिनं ढिगाने आहेत. अधिकृत यादीत पन्नास हजारांवर प्लगिनं आहेत, त्यातली चार मी बसवून पाहिली. एकालाही आमची अक्षरं धड कळेनात. म्हणून स्वतः लिहायला बसले.

पहिल्या खेपेस काहीच झालं नाही. एकही शब्द सापडला नाही. कारण असं की शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे शोधायची पीएचपीतली नेहमीची खूण देवनागरीला अक्षरच समजत नाही. तिच्या लेखी आमचा अख्खा लेख म्हणजे विरामचिन्हांची रास. युनिकोडचं (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचं) एक अक्षरी कलम शेवटी जोडलं की तिला डोळे फुटतात. ते जोडलं. दुसऱ्या खेपेस 'वावर' सापडलं, पण 'वावरात'मधलंसुद्धा सापडलं. पडद्यावर काय दिसलं ते नीट सांगते. 'वावर' एवढं ठळक, आणि त्याच्या पुढे एक ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ, त्या वर्तुळाला चिकटलेला काना, मग 'त'. काना र-वरून सुटून रस्त्यावर आला होता. त्याला बसायला अक्षर नाही म्हणून फाँटने बिचाऱ्याला ठिपक्यांचा पाट मांडून दिलेला.

असं का, हे कळायला मला चार दिवस लागले. युनिकोडमध्ये 'र' हे अक्षर आहे आणि काना ही नुसती जोडखूण. शब्दाची हद्द ओळखणारा नियम अक्षरं आणि आकडे मोजतो, काना मोजत नाही. म्हणजे त्याच्या हिशेबाने 'र' संपला की शब्द संपला. याच कारणाने 'बठ्ठा' मात्र काही केल्या सापडेना, कारण तो कान्यावर संपतो आणि पुढे मोकळी जागा. दोन्ही बाजूंना अक्षर नाही, मग हद्द कसली? एक शब्द नको तिथे सापडतो, दुसरा हवा तिथे सापडत नाही, आणि कारण एकच.

उपाय लहान निघाला. ती तयार खूण टाकून दिली आणि स्वतःच लिहिलं की शब्दाच्या मागे-पुढे अक्षर नको आणि मात्राही नको. झालं. पण मग 'वावरात' मुळीच सापडेना, 'वावरमा' सापडेना, 'वावरना' सापडेना. इंग्रजीत शब्दाला एक 'एस' लावला की भागतं, आमच्याकडे विभक्ती आहे! शेवटी प्रत्येक शब्दापुढे त्याची रूपं हाताने भरायचा रकाना केला. जिजी बोलतात, मी भरते. आज ४१२ शब्द आहेत.

आणि 'पोऱ्या'ने वेगळाच छळ केला. पडद्यावर दोन 'पोऱ्या' तंतोतंत सारखे दिसतात, पण एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडणारं चिन्ह. कोणत्या कीबोर्डवर टाइप केलं त्यावर ठरतं. माझ्या मोबाइलवर एक, जिनिंगमधल्या कॉम्प्युटरवर दुसरं. आता शोधायच्या आधी दोन्ही एका साच्यात ओतते. हे वाचून एखादा प्रोग्रॅमर म्हणेल की यात वर्डप्रेसचा काय दोष? नाहीच. दोष पीएचपीकडे, युनिकोडकडे, कीबोर्डकडे जातो. पण वीस वर्षं उलटलेल्या आणि मराठीत भाषांतर असलेल्या सॉफ्टवेअरकडून मला एखादं तयार फंक्शन हवं होतं, इतकंच. अर्धा तारा तिथे गेला.

(प्लगिन सुरळीत चालू झाल्यावरची गंमत. आमच्या गावच्या एका जुन्या मास्तरांवर लिहिलेल्या लेखात वाक्य होतं, 'त्यांचा सगळीकडे वावर असे.' त्यावर बोट ठेवलं की अर्थ यायचा 'शेत'. सगळीकडे शेत! आता लेखागणिक शब्द वगळायची सोय केली आहे.)

शिवाय माझे बहुतेक वाचक मोबाइलवर. मोबाइलवर माउस कुठून आणायचा? 'त्यावर गेलं की अर्थ दिसेल' हे सगळं सुंदर काम लॅपटॉपवाल्या मूठभरांसाठी झालेलं. शेवटी अर्थ लेखाच्या तळाशी यादी करून द्यायला लागले. आठ ओळींचा कोड. आधीच सुचलं असतं तर एक उन्हाळा वाचला असता.

दुसरं प्लगिन आकड्यांचं. मराठीत वर्डप्रेस लावलं की महिन्यांची, वारांची नावं मराठी होतात, आकडे मात्र इंग्रजीच राहतात. मला ते चटणीत खडा आल्यासारखं वाटायचं. सोपं आहे म्हणून मी लेखाच्या त्याच थांब्यावर एक ओळ टाकली, शून्य ते नऊ बदलून देवनागरी कर. जतन केलं, पान उघडलं. एकही फोटो नाही. सगळे मथळे साध्या मजकुरासारखे बारीक. जिथे अवतरणचिन्हं होती तिथे ८२१७ आणि ८२२० असे आकडे पेरलेले.

झालं असं की पट्ट्यावरून नुसता कापूस जात नव्हता, पट्ट्याचे खिळे-पट्ट्याही जात होत्या. मथळ्याच्या टॅगमध्ये (ब्राउझरला 'हा मथळा' असं सांगणाऱ्या खुणेत) दोनचा आकडा असतो, तो '२' झाला, ब्राउझरला असला टॅग माहीत नाही. फोटोच्या फाइलीच्या नावात लांबी-रुंदी लिहिलेली असते, ती मराठी झाली, त्या नावाची फाइलच नाही. अवतरणचिन्हं आतून आकड्यांच्या रूपात येतात, तेही गेले. मी एका झटक्यात साठेक लेखांचं हे केलं. बरं, डेटाबेसमधला मजकूर जसाच्या तसा होता, मी दाखवताना बदलत होते. ओळ काढली, सगळं जागेवर. वर्डप्रेसचा हा गुण मी मनापासून मानते. फिल्टरने केलेला गाढवपणा फिल्टर काढला की जातो. आता ते प्लगिन फक्त तारखेला हात लावतं.

सगळाच गाढवपणा इतका स्वस्त नसतो. एकदा दुपारी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवरूनच फाइल उघडून दुरुस्ती केली आणि एक अर्धविराम राहिला. अख्खा ब्लॉग बंद, व्यवस्थापनाचं पानसुद्धा उघडेना. २०१९च्या ५.२ आवृत्तीपासून अशा वेळी वर्डप्रेस आपल्याला दुरुस्तीचा दुवा मेल करतं. तो मेल मला मिळाला, दोन दिवसांनी, स्पॅममध्ये. तोवर मी होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदललं होतं. नाव बदललं की वर्डप्रेसला ते प्लगिन सापडत नाही आणि ते आपोआप बंद पडतं. हे एक लक्षात ठेवा, बाकी काही नाही ठेवलं तरी चालेल. आता आधी घरच्या लॅपटॉपवर एक्सॅम्प (घरच्याच कॉम्प्युटरला सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर) लावून बघते आणि मगच वर चढवते.

लेखाच्या वेब-पत्त्याची कहाणी थोडक्यात, पण सांगायलाच हवी. लेखाच्या शीर्षकावरून वर्डप्रेस आपोआप पत्ता बनवतं. त्याची मर्यादा २०० अक्षरांची. भरपूर वाटते ना? पण देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा पत्त्यात टक्क्यांच्या खुणांसकट नऊ अक्षरं खाते. म्हणजे आपल्या वाट्याला २२. मी लिहिलं होतं 'खापरावरची पुरणपोळी आणि आमरस'. पत्ता बनला 'खापरावरची-पुरणपोळी-आणि-आ'. आमरसच सांडला! आणि हा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्के-इ-शून्य-टक्के अशी दोन-तीन ओळींची माळ जाते. नणंदेला वाटलं व्हायरस आहे, तिने उघडलंच नाही. आता पत्ता रोमन लिपीत हाताने लिहिते आणि विसरले तर माझंच एक चिमुकलं प्लगिन वर लाल पट्टी दाखवतं. याचा एक पूर्ण तारा कापला आहे. हिंदी, मराठी, नेपाळी लिहिणाऱ्या सगळ्यांना हे रोज सोसावं लागतं.

वेळ लावून लेख प्रसिद्ध करायची सोय आहे, तिच्यावर आंधळा भरवसा ठेवू नका. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई (खान्देशातली देवी) बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांवरचा लेख मी आठवडाभर आधी लिहून रविवारी पहाटे पाचची वेळ लावली आणि निर्धास्तपणे दळणाला गेले. रविवारी घरात पाहुणे, चुलीशी मी, रात्रभर गाणी. सोमवारी कानबाई बोळवून आल्यावर बघते तर लेखापुढे 'वेळ चुकली'. वर्डप्रेसकडे स्वतःचं घड्याळ नाही. कोणी ब्लॉगवर आलं की ते जागं होतं आणि काही काम राहिलंय का बघतं. पाहुणाच आला नाही तर झोपलेलं. त्यात मी पानं साठवून ठेवणारं प्लगिन लावलेलं, त्यामुळे आलेल्यांनाही साठवलेलं पान मिळायचं आणि वर्डप्रेसला जाग येत नव्हती. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये दर पंधरा मिनिटांनी त्याला हाक मारायचं क्रॉन लावता येतं. ते लावलं, तेव्हापासून एकही लेख चुकला नाही.

नवा ठोकळ्यांचा संपादक, म्हणजे २०१८च्या ५.० आवृत्तीपासून आलेला, मला आवडत नाही. प्रत्येक परिच्छेद वेगळा ठोकळा, मोबाइलवर बोट कुठे पडेल सांगता येत नाही. त्यासाठी प्लगिन लिहायचं तर पीएचपीवर भागत नाही, जावास्क्रिप्ट, रिअ‍ॅक्ट आणि सामानाची भलीमोठी गाडी लागते. मी जुना संपादक लावून घेतला आणि शॉर्टकोडवर राहिले. पाककृतीचं साहित्य, वाटी-चमच्यांचं प्रमाण, सगळं चौकटी कंसातल्या एका शब्दात येतं. तरुण मुलांना ठोकळे आवडतात म्हणे. असोत.

खर्च. सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून ब्लॉग फुकट नाही. माझी होस्टिंग कंपनी पहिल्या वर्षी महिन्याला ९९ रुपये घेत होती. वर्ष संपल्यावर बिल आलं ते महिन्याला ३९९च्या हिशेबाने, तेही तीन वर्षांचं एकदम भराल तर. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात त्यांचा सर्व्हर दोन दिवस बंद होता. चॅटवर विचारलं तर प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी एकच उत्तर की कॅश, म्हणजे साठवलेली पानं, साफ करून बघा. जिजींनी विचारलं, "बठ्ठं बंद पडनं का?" मी म्हटलं, हो, बठ्ठं. तेव्हापासून दर रविवारी डेटाबेस आणि फोटोंचं फोल्डर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवते. हे बॅकअपचं काम कंपनीवर सोडू नका, मग ती कोणतीही असो. कंपनीबद्दलचे तारे इथे मोजत नाही, त्यांना वेगळे देईन आणि ते फार नसतील.

मग घ्यावं का? फक्त लिहायचं असेल, महिन्यातून एखादी कविता, एखादं प्रवासवर्णन, तर हा व्याप नका घेऊ. अपडेट येत राहतात, लॉगिनच्या पानावर परक्या देशांतून चाव्या फिरवून बघणारे येत राहतात, ते सगळं सांभाळावं लागतं. पण तुमच्या लिखाणात असं काही असेल जे तयार साच्यात बसत नाही, बोलीतले शब्द, भजनांच्या चाली, गावातल्या आडनावांची यादी, आणि मिक्सर बिघडला तर दुकानात नेण्याआधी स्वतः चार स्क्रू काढून बघायची खोड असेल, तर हे तुमच्यासाठीच आहे. साडेतीन तारे मी त्या खोडीच्या बाजूनेच दिलेत.

रावेरच्या एका वाचक मैत्रिणीने मागणी केली आहे की लेवा गणबोलीचे शब्दही घ्या, एकाच शब्दापुढे दोन बोलींचे दोन रकाने करा. करायचं आहे. कापसाच्या गाड्या सुरू व्हायला अजून दोन महिने आहेत. होस्टिंगचं बिल १४ ऑगस्टला भरायचंय आणि या वेळी तीन वर्षांचं भरणार नाही, एकाच वर्षाचं भरणार.